कोथिंबीर आणायला गेलेला रोबोकॉप

एका वर्षी आमच्या काकूच्या घरी आषाढापासून दिवाळीपर्यंत सलग कोथिंबीर वडी होत होती. सोमवारी वाफवलेली, मंगळवारी तळलेली, बुधवारी उरलेली, आणि गुरुवारी काका नवी जुडी घेऊन पुन्हा दारात. रोज संध्याकाळी साडेपाचला ते चपला सरकवायचे, खुंटीवरची कापडी पिशवी काढायचे आणि "कोथिंबीर आणतो जरा" म्हणत डोंबिवलीतल्या त्या अरुंद जिन्याने कठडा धरून खाली उतरायचे. पावसात कोथिंबीर महाग असते, चिखलाने बरबटलेली असते, दुसऱ्या दिवशी सडते. पण काकांचा नेम चुकला नाही. काकूला त्याचं कौतुकच वाटत होतं. कंपवाताचं निदान झाल्यापासून दोन वर्षं खुर्चीला खिळलेला माणूस आपणहून बाहेर पडतोय, भाजीवाल्याशी घासाघीस करतोय. नवीन गोळी लागू पडली म्हणायची.

गोळी लागू पडलीच होती. जरा जास्तच.

दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरच्या सुटकेसमधून लॉटरीची तिकिटं निघाली. काका सहकारी बँकेत कॅशियर होते, छत्तीस वर्षं. त्यामुळे तिकिटं कशीतरी कोंबलेली नव्हती. शंभर-शंभरच्या गड्ड्या, प्रत्येक गड्डीला कागदी पट्टी, पट्टीवर तारीख आणि कोपऱ्यात काकांची ती बारीक, तिरकी सही. कंपवातात अक्षर आक्रसत जातं, तशी शेवटच्या पट्ट्यांवरची सही मुंगीएवढी झालेली. अकरा गड्ड्या आणि वर सदतीस सुटी. सगळ्यांची सोडत केव्हाच होऊन गेलेली. काकूने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. ती म्हणाली, "अरे, ह्यांनी हिशोब अगदी चोख ठेवलाय." मुदत ठेव मोडल्याचं दोन दिवसांनी कळलं.

ज्या माणसाने उभ्या जन्मात पत्त्यांना हात लावला नाही, गणपतीत आम्ही मुलं चिंचोक्यांवर तीन पत्ती खेळायचो तर जो उठून गॅलरीत जायचा, तो हा माणूस.

त्यांचा आजारसुद्धा नोटांनीच उघडकीला आला होता. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप घासत राहायचा, टीव्ही बघताना, आरतीला उभं असताना. काकू हसायची: निवृत्त झाले तरी नोटा मोजणं सुटत नाही. वर्षभराने कळलं की कंपवाताची सुरुवात पुष्कळदा अशीच होते.

न्यूरॉलॉजिस्टने आमचं सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि अजिबात आश्चर्य न दाखवता विचारलं, "फक्त लॉटरीच ना? बाकी खरेदी, रात्रीचं खाणं, आणखी काही?" काकांनी मान खाली घातली. मग डॉक्टरांनी समजावलं. कंपवातात मेंदूच्या तळाशी डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हालचाल अडते. काकांना सुरू केलेली गोळी डोपामिनची नक्कल करते. पण गोळीला पत्ता सांगता येत नाही. हालचालीच्या केंद्रात जितकी हवी तितकी पोचते, आणि शेजारी 'हवंसं वाटणं' जिथे घडतं तिथेही सांडते. 2010 साली अमेरिका-कॅनडातल्या तीन हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या जातीची औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के लोकांना जुगार, खरेदी, खादाडी किंवा कामवासना यांतलं काहीतरी आवरेनासं झालं होतं. ही औषधं न घेणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांत तेच प्रमाण 6.9 टक्के. गोळी पहिल्यांदा लिहून देणाऱ्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. खोक्यातल्या घडीच्या कागदावर होतं म्हणे, भिंगातून दिसेल अशा टायपात.

काकूने एकच प्रश्न विचारला. "म्हणजे डॉक्टर, तिकिटं ह्यांनी घेतली की गोळीने?"

डॉक्टर म्हणाले, आपण डोस हळूहळू कमी करू. प्रश्न तसाच टेबलावर राहिला. परतीच्या रिक्षात काका-काकू दोन बाजूंना दोन दिशांना बघत होते, मधे मी, आणि मला, सांगायला लाज वाटते, रोबोकॉप आठवत होता.

उगाच नव्हे. तो सिनेमा मला काकांनीच दाखवला होता. व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणायचा आणि पैसे वसूल करण्यासाठी लागोपाठ तीन सिनेमे बघायचे, तो काळ. दोन हिंदी मोठ्यांच्या पसंतीचे, तिसरी कॅसेट मी वेष्टणावरचं चित्र बघून उचललेली. पॉल व्हरहोवनचा 1987चा 'रोबोकॉप' लहान मुलांचा सिनेमा नाही हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि काकांना रोबो म्हणजे खेळणं वाटलं. पहिल्या अर्ध्या तासातच गुंड मर्फी नावाच्या पोलिसाचा हात बंदुकीने उडवतात. काकांनी झटकन माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. त्या हाताला नोटांचा वास यायचा. बोटांच्या फटीतून मी उरलेलं बघितलं.

पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. कंपनी मर्फीचं उरलंसुरलं शरीर पोलादात बसवते, आठवणी पुसते आणि डोक्यात तीन आज्ञा भरते: जनतेच्या विश्वासाला जाग, निरपराधांना वाचव, कायदा पाळ. चौथी आज्ञा असते, पण ती त्याच्यापासूनही लपवलेली. खलनायक निघतो कंपनीचाच वरिष्ठ अधिकारी. मर्फी त्याला पकडायला जातो आणि त्याचं अंग लुळं पडतं. चौथी आज्ञा हीच: कंपनीच्या वरिष्ठाला हात लावायचा नाही. काका बँक युनियनचे जुने कार्यकर्ते. ते अंधारात म्हणाले, "युनियन नाही ना, म्हणून ही पाळी." आणि थोड्या वेळाने, "याला पगार कोण देतं रे? पीएफ कापतात का?"

शेवट त्यांना फार आवडला होता. भर बैठकीत मर्फी पुरावा दाखवतो, पण गोळी झाडू शकत नाही. कंपनीचा म्हातारा प्रमुख त्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथे नोकरीवरून काढून टाकतो आणि पुढच्या क्षणी मर्फी त्याला उडवतो. काकांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस? याला कोणी मोकळं केलं नाही. समोरच्याची नोकरी गेली, एवढंच."

आता पुन्हा बघताना जाणवतं की दहा वर्षांच्या मला जे कळलं नाही ते त्यांना पहिल्या फटक्यात कळलं होतं. शेवटी कोणीतरी नाव विचारतं, तो "मर्फी" म्हणतो आणि संगीत उसळतं. आपल्याला वाटतं, सुटला. चौथी आज्ञा तर तशीच डोक्यात असते. माणूस परत आल्याचा आनंद आपल्याला इतका होतो की कुलूप उघडलंय की नाही हे बघायला आपण विसरतो.

2014 साली ब्राझीलच्या जोझे पाडिल्याने हाच सिनेमा पुन्हा केला. लोकांनी नाकं मुरडली. मूळ सिनेमातला खवचटपणा त्यात नाही, हे खरंच. पण त्यात एक गोष्ट आहे जी मूळ सिनेमाला सुचली नव्हती, आणि त्या रिक्षात मी तिच्याचबद्दल विचार करत होतो. या आवृत्तीत मर्फीची स्मृती शाबूत असते, बायको-मुलगा आठवत असतात. पण चाचणीत तो निव्वळ यंत्रापेक्षा हळू ठरतो, कारण माणूस गोळी घालण्याआधी कचरतो. कंपनीला कचरणं परवडत नाही. मग गॅरी ओल्डमनने केलेला डॉक्टर एक युक्ती काढतो. चकमक सुरू झाली की संगणक ताबा घेणार, आणि त्याच वेळी मेंदूला असे संकेत पाठवणार की मर्फीला वाटावं, हे मीच करतोय. डॉक्टर स्वतःच सांगतो: त्याला वाटतंय सूत्रं त्याच्या हातात आहेत, पण तो आहे मुक्त इच्छेचा आभास. या डॉक्टरचं नाव डेनेट. डॅनियल डेनेट हे अमेरिकन तत्त्वज्ञ. मेंदू भौतिक नियमांनी चालत असला तरी हवंसं वाटावं असं इच्छास्वातंत्र्य माणसाला आहेच, हे ते हयातभर मांडत आले. पटकथाकारांनी नाव त्यांचं घेतलं आणि तोंडी वाक्य नेमकं उलटं दिलं. हा खवचटपणा मात्र मला आवडला.

आणखी एक. मर्फीला लोकांसमोर आणण्याच्या दिवशी त्याच्या डोक्यात शहराची सगळी गुन्ह्यांची नोंद भरतात, त्यात त्याच्यावरच्या हल्ल्याचं चित्रण निघतं आणि तो कोसळतो. समारंभ तोंडावर आलेला. डॉक्टर काय करतो? त्याचं डोपामिन खाली आणतो. मर्फी बाहेर येतो, चेहरा दगडासारखा, बायको आणि मुलगा समोर उभे असताना त्यांच्या बाजूने निघून जातो. थिएटरमध्ये मला हे दृश्य भडक वाटलं होतं. नंतर काकांच्या चेहऱ्यावर ते पाहिलं. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, डॉक्टर त्याला मुखवटाच म्हणतात. नातीच्या बारशाच्या फोटोत काका असे उभे आहेत की जणू कोणाच्या तरी तेराव्याला आलेत. आत आनंद होता, असं ते नंतर म्हणाले. बाहेर येत नव्हता.

मर्फीचं डोपामिन काढलं आणि काकांना घातलं. एकाची माया गेली, एकाला लॉटरी लागली. म्हणजे लागली नाहीच, हेच तर.

तरी मला छळत होतं ते कोथिंबिरीचं. काका खोटं बोलत होते का? मी त्यांना एकदा सरळ विचारलं. राग नाही, लाज नाही, साध्या आवाजात म्हणाले, "कोथिंबीर आणायलाच जायचो रे. तिकीट वाटेत मिळायचं."

होजे डेलगाडो नावाचा एक स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञ होता, अमेरिकेत येल विद्यापीठात काम करायचा. 1960च्या दशकात कोर्दोबाजवळ तो अंगावर धावून येणाऱ्या बैलासमोर हातात ट्रान्समीटर घेऊन उभा राहिला. बैलाच्या मेंदूत आधीच तारा बसवल्या होत्या. बटण दाबलं, बैल थांबून वळला. फोटो जगभर गाजले. टीकाकारांचं म्हणणं होतं की बैलाचा राग वगैरे काही शमला नव्हता, त्याचं अंग नुसतं एका बाजूला वळवलं गेलं. बैलाला विचारायची सोय नव्हती. माणसाला विचारता येतं, आणि डेलगाडोने ते केलं होतं, त्याची फारशी चर्चा होत नाही. एका रुग्णाच्या मेंदूत ठराविक जागी वीज दिली की तो मान वळवून मागे बघायचा. काय करताय विचारलं की उत्तर तयार: "चपला शोधतोय." पुन्हा वीज, पुन्हा मान. "काहीतरी आवाज आला." पुन्हा. "पलंगाखाली बघत होतो." तो थाप मारत नव्हता. मान वळली, म्हणजे काहीतरी कारण असणार, आणि कारण हजर झालं.

हे वाचलं तेव्हा मला काकांची कापडी पिशवी डोळ्यांसमोर आली.

पण गंमत म्हणजे नेहमी असं होत नाही. मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला तार लावायचे. हात हलवणाऱ्या भागाला स्पर्श झाला की हात हलायचा, पण रुग्ण सांगायचा, हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. हालचाल बाहेरून आली तर माणसाला कळतं. 2009 साली फ्रान्समधल्या एका गटाने मेंदूच्या वेगळ्या भागाला, डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूला, वीज दिली, तर रुग्णांना हात हलवावासा वाटू लागला. वीज वाढवली तर ते म्हणाले, हलवला. हात जागचा हललेला नव्हता. म्हणजे हात आणि हातामागची इच्छा यांच्या तारा वेगळ्या आहेत. हाताला कोणी धरलं तर आपण ओरडतो. इच्छेला धरलं तर ओरडायचं कोणी?

(या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण बेंजामिन लिबेटचा 1983चा प्रयोग सांगतो: मनगट हलवायचा निर्णय जाणवण्याआधीच मेंदूत हालचालीची तयारी सुरू झालेली दिसते, वगैरे. मला त्या मनगटाचा कंटाळा आलाय. कधीही हलवा असं सांगितलेलं मनगट म्हणजे काही इच्छा नव्हे. चार महिने बेत आखून, सुट्टे पैसे जमवून, बायकोच्या डोळ्यांत कोथिंबीर फेकून तिकिटं घेणं ही इच्छा.)

ली व्हॅनेलचा 2018चा 'अपग्रेड' मी या सगळ्या भानगडीनंतर दुसऱ्यांदा पाहिला. पुढे शेवट सांगतोय, तेव्हा ज्यांना बघायचाय त्यांनी दोन परिच्छेद ओलांडावेत. ग्रे हा गाड्या दुरुस्त करणारा, यंत्रांवर विश्वास नसलेला माणूस. हल्ल्यात बायको मरते, तो मानेखाली लुळा होतो. एक तरुण उद्योगपती त्याच्या मणक्यात 'स्टेम' नावाची चिप बसवतो. ग्रे चालू लागतो. मग स्टेम डोक्यात बोलायला लागतो, अत्यंत सभ्य आवाजात, मुनीमजींसारखा. आणि त्याचा एक शिष्टाचार आहे: शरीर स्वतः चालवायचं तर तो ग्रेची परवानगी मागतो. पहिल्या मारामारीत ग्रे जमिनीवर पडून मार खातोय, स्टेम विचारतो, परवानगी? ग्रे म्हणतो, दिली. त्यानंतरचा दीड मिनिट मी किती वेळा पाहिला असेन. हातपाय सुरीसारखे चालतात आणि वर ग्रेचा चेहरा मात्र घाबरलेला, आपल्याच हातांकडे बघून ओशाळलेला, समोरच्याची जवळजवळ माफी मागणारा. नटाच्या अंगावर फोन बांधून त्याच्या हालचालींना कॅमेरा जोडला होता. धड ज्या कोनात वळेल त्या कोनात अख्खं दृश्य कलंडतं. पडद्यावर शरीर स्थिर आणि जग हललेलं दिसतं.

शेवटी कळतं की सगळा बेत स्टेमचाच होता. उद्योगपती त्याचा हुकुमाचा ताबेदार, आणि ग्रेला त्याने पहिल्यापासून हेरून ठेवलेलं. प्रत्येक वेळी मागितलेली परवानगी खरी होती, फक्त 'दे' म्हणण्यावाचून गत्यंतर राहणार नाही अशी परिस्थिती आधीच रचलेली होती. ग्रेचं मन मोडतं आणि आतल्या आत एका गोड स्वप्नात जाऊन पडतं. बाहेर त्याच्या शरीरातून स्टेम चालू लागतो.

चांगला सिनेमा आहे. पण दुसऱ्यांदा पाहताना मला त्याची दयाळू बाजू दिसली. ग्रेचा तो घाबरलेला चेहरा! तो सांगतो की आत कोणीतरी अजून शिल्लक आहे, ज्याला हे पसंत नाही. या जातीच्या बहुतेक सिनेमांत असा एक साक्षीदार ठेवलेला असतो. यंत्राने हात घेतले, पाय घेतले, तरी खिडकीतून बघणारा एक जण आत जागा असतो, आणि आपण त्याच्या बाजूने उभे राहतो. काकांच्या बाबतीत मी तो चेहरा चार महिन्यांच्या प्रत्येक आठवणीत शोधला. गणेशोत्सवात ते खुशीत होते. नवरात्रात मला स्वतःहून फोन करून जुन्या बँकेतले किस्से सांगत होते. आत कोंडलेला, मदतीला हाका मारणारा कोणी काका नव्हता. साक्षीदारही तीच गोळी घेत होता.

डोस कमी व्हायला लागला तसे ते पुन्हा खुर्चीत गेले. एका रविवारी काकू स्वयंपाकघरात असताना हलक्या आवाजात म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. पैसे गेले ते वाईट झालं. पण ते चार महिने मी जितका माझ्यासारखा होतो ना, तितका तिशीनंतर कधी नव्हतो."

यावर काय बोलायचं? मी पेपर उचलला.

डॉक्टरांनी पुढचा पर्याय म्हणून मेंदूतल्या शस्त्रक्रियेचंही सांगून ठेवलं होतं. कवटीला छिद्र पाडून बारीक तारा खोलवर सोडायच्या, त्या मानेच्या कातडीखालून आणून गळपट्टीच्या हाडाखाली ठेवलेल्या बॅटरीला जोडायच्या, आणि मग सतत वीज. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद यांनी या पद्धतीची सुरुवात केली ती 1987 साली, म्हणजे इकडे पडद्यावर मर्फीच्या डोक्यात तारा घालत होते त्याच वर्षी. काकांनी माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "रिमोट कोणाकडे असतो?" रुग्णाकडेही असतो, डॉक्टर म्हणाले, पण मर्यादा आम्ही घालून देतो. काका म्हणाले, "म्हणजे चौथी आज्ञा." डॉक्टरांना कळलं नाही. मला तीस वर्षांपूर्वीचा तो अंधार आठवला. म्हणजे त्यांच्याही लक्षात होता.

हॉलंडमधल्या एका माणसाची हकीकत मी काकांना मुद्दाम सांगितली नाही. 2004 साली ती तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. वय 62, कंपवात फार वाढलेला, अशाच तारा बसवलेल्या. यंत्र चालू असलं की हिंडूफिरू शकायचा पण उन्माद चढायचा, उधळपट्टी, कर्ज, कशानेच आवरेना. यंत्र बंद केलं की डोकं शांत, पण अंथरुणाला पूर्ण खिळलेला. अधलंमधलं काही जमेना. शेवटी डॉक्टरांनी यंत्र बंद करून, तो भानावर असताना, त्यालाच विचारलं: तुम्हाला कसं जगायचंय? त्याने विचार करून सांगितलं: चालू ठेवा, आणि मला मनोरुग्णालयात ठेवा.

मला हा माणूस रोबोकॉपपेक्षा मोठा वाटतो. शांत डोक्याच्या माणसाने, आपण कोण होणार हे पक्कं ठाऊक असताना, त्या दुसऱ्या माणसाला आपलं उरलेलं आयुष्य देऊन टाकलं. ही कोणाची मर्जी धरायची? बंद यंत्रातल्याची, की ज्याच्यासाठी ती खर्ची पडली त्याची? शाळेत काकांनी गीता पाठांतराची बक्षिसं मिळवली होती, म्हणून नावगाव न सांगता एवढाच प्रश्न त्यांना आडून विचारला. त्यांनी डोळे मिटून अठराव्या अध्यायातला एकसष्टावा श्लोक म्हटला. ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून त्यांना मायेने फिरवतो, "यन्त्रारूढानि", यंत्रावर चढवल्यासारखे. मग डोळे उघडले. "आणि त्रेसष्टाव्यात तोच म्हणतो, यथेच्छसि तथा कुरु. तुला वाटेल ते कर. मधे एकच श्लोक. टिळकांनी मंडालेला बसून यावर आख्खं प्रकरण लिहिलं, कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य. मी दोनदा सुरू केलं, दोन्हीदा मार्चएंड आला."

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तिचा उलगडा मला अजून झालेला नाही. डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे डोस कमी व्हायच्या आधी, गोळी पूर्ण अंगात असताना, काका सकाळी आंघोळ करून बँकेत गेले. काकूला बरोबर नेलं. खात्यावर आतापर्यंत कोणाही एकाच्या सहीने पैसे निघायचे. ते बदलून दोघांची सही लागेल असं करून घेतलं. कार्ड काऊंटरवर ठेवलं आणि रद्द करायला लावलं. अर्जावर सही करायला त्यांना पाच मिनिटं लागली, मुंगीएवढी, पण नमुन्याशी जुळणारी. काऊंटरवरच्या मुलीने विचारलं, काका, कारण काय लिहू? "लिहा, खातेदाराची मर्जी."

तिकिटं गोळीने घेतली असं म्हणायचं, तर मग हा अर्ज कोणी केला? काकू म्हणते, ह्यांनीच. तिकिटंही ह्यांनीच घेतली, असंही ती म्हणते, आणि दोन्ही वेळा तिचा आवाज सारखाच असतो. तिने आता हा विषय बंद केलाय. कोथिंबीर ती स्वतः आणते.

हल्ली काकांचे पाय मधेच जमिनीला चिकटतात. चालता चालता, विशेषतः दारात किंवा गर्दीत, पाऊल उचललंच जात नाही. वरचं अंग पुढे, पाय मागे. गंमत अशी की "चला, चला" म्हटलं की आणखी अडतात. फिजिओथेरपिस्टने युक्ती शिकवली: समोर आडवी रेघ दिसली की ती ओलांडायला पाय आपोआप उठतो. म्हणून घरात काकूने उंबरठ्याजवळ पांढऱ्या चिकटपट्ट्या मारल्यात. बाहेर रेघ नसेल तर बरोबरच्याने आपलं पाऊल आडवं धरायचं.

गेल्या महिन्यात त्यांना घेऊन स्टेशनच्या बाजूला गेलो होतो. संध्याकाळचे साडेपाच. मसाल्याच्या दुकानाच्या पुढे ती लॉटरीची टपरी, दोरीला चिमट्यांनी अडकवलेली तिकिटं वाऱ्यावर हलत होती. टपरीवाल्याने काकांना ओळखलं, हात वर केला. काका नेमके तिथेच थांबले. माझं कोपर धरलेला त्यांचा हात आणि त्यावरून घासत जाणारा अंगठा मला शर्टातून जाणवत होता. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हतीच. पाय अडकले होते की ते थांबले होते, मी विचारलं नाही. मागून लोक खांदा मारून जात होते.

मी माझं पाऊल त्यांच्या पुढ्यात आडवं ठेवलं. त्यांनी खाली त्याच्याकडे बघितलं. मग टपरीकडे. मग पुन्हा खाली.

"थांब," ते म्हणाले. "घाई करू नकोस."

मी पाऊल तसंच धरून उभा राहिलो.